थोर लेखकाशी लग्न करताय? अभिनंदन, आता हे वाचा

गेल्या शुक्रवारी आमच्या इथल्या व्याख्यानमालेत रशियन कादंबरीकार टॉलस्टॉयवर व्याख्यान होतं. ऑफिसमधून थेट गेले, पाठीवर लॅपटॉप, पोटात दुपारचा अर्धा डबा. वक्ते दीड तास बोलले आणि खोटं कशाला सांगू, चांगलं बोलले. वॉर अँड पीस, अ‍ॅना कॅरेनिना, गांधीजींशी पत्रव्यवहार, जोहान्सबर्गजवळचा टॉलस्टॉय फार्म, सगळं आलं. मग शेवटच्या पाच मिनिटांत आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाले, एवढा ऋषितुल्य माणूस, पण संसारात सुख नाही हो, बायको इतकी कजाग की ८२व्या वर्षी बिचाऱ्याला रात्रीचं घर सोडून पळून जावं लागलं आणि कुठल्याशा रेल्वे स्टेशनवर मरण आलं. सगळ्या हॉलमधून च्‌च्‌च्‌. माझ्या शेजारच्या काकांनी तर अशी मान हलवली की टॉलस्टॉय त्यांचा सख्खा साडू असावा.

प्रश्नोत्तरांत मी हात वर केला. म्हटलं, सर, पण १३ बाळंतपणं, आणि ती सगळी हस्तलिखितं तिनेच... तेवढ्यात सर माईकवरून हसत म्हणाले, "ताई, मिस्टर घरी आहेत ना? की तेही स्टेशनवर गेलेत?"

हॉल हसून हसून लोळला. माईक पुढच्या रांगेत गेला.

घरी येताना रिक्षात विचार केला की चूक आपलीच आहे. मुलींना कोणी मार्गदर्शनच करत नाही. इंजिनियरशी लग्न कसं निभवावं, एनआरआयशी कसं निभवावं, सगळ्यावर सल्ले मिळतात, पण थोर, अस्वस्थ, प्रतिभावंत वगैरे लेखकाशी लग्न करणाऱ्या मुलीने काय करायचं? तर समाजकार्य म्हणून खालील टिपा. फुकट आहेत.

टीप पहिली. लग्नाआधी त्याने स्वतःची डायरी वाचायला दिली तर वाचा, डोळे पुसा आणि मेंदी काढायला बसा. टॉलस्टॉयची बायको सोफिया अठराची होती, मॉस्कोतल्या डॉक्टरची मुलगी, तो चौतीसचा. सप्टेंबर १८६२, मागणी घातल्यापासून आठवड्याच्या आत लग्न. आणि त्या मधल्या दिवसांत या सत्यवादी माणसाने तिच्या हातात आपल्या डायऱ्या दिल्या, का तर नवराबायकोत काही लपलेलं असू नये. त्यात काय, तर जुगार, कुंटणखाने, आणि आपल्याच गावातली एक शेतकरी बाई जिच्यापासून त्याला मुलगा झालेला. सोफिया त्याच्या जमीनदारीच्या गावी, यास्नाया पोल्यानाला, नांदायला गेली तर तीच बाई घरात फरशी पुसायला. पण बघा ना, किती प्रामाणिक! त्याचं मन हलकं झालं. तिचं आयुष्यभरासाठी जड झालं तर तो तिचा स्वभाव. (लग्नाच्या दिवशी नवरदेव चर्चला तासाभराहून जास्त उशिरा, कारण सगळे शर्ट सामानात बांधून टाकले होते आणि अंगात घालायला धड शर्ट नव्हता. पुढे हा प्रसंग अ‍ॅना कॅरेनिनात लेविन नावाच्या पात्राच्या लग्नात गोड करून वापरला. वाया काही घालवायचं नाही, तुमचं लग्नसुद्धा.)

टीप दुसरी. घाणेरडं अक्षर वाचायला शिका. ही सोपी वाटते पण इथेच मुली कमी पडतात. त्याचं अक्षर असं की स्वतःचं स्वतःला लागेना. दिवसभर घर, मुलं, नोकरचाकर, हिशेब, सगळं उरकून रात्री मेणबत्तीपाशी बसून सोफियाने ते फेअर करायचं, कधी कधी भिंग लावून, समासातल्या खुणा, शब्दांवर चढवलेले शब्द. सकाळी स्वच्छ प्रत त्याच्या टेबलावर. आणि संध्याकाळी तीच प्रत परत, वरपासून खालपर्यंत खोडून, फुगे काढून, बाण मारून. की पुन्हा रात्री मेणबत्ती. वॉर अँड पीस तिने सात वेळा लिहिलं असं सांगतात, अख्खं नसेल, काही भाग तितक्यांदा असेल, पण तुम्ही एकदा तरी लिहून बघा, एकदा. आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली आमसुलाच्या साराची रेसिपी वहीत उतरवायचा कंटाळा येतो.

इथे जरा खाजगी. आमच्या ह्यांची दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात कथा आली. एक. तेव्हापासून घरात लेखक आहे. बँकेतून आल्यावर चहा घेताना खिडकीबाहेर बघायचं, आणि मी गॅस सिलिंडर संपला सांगितलं की "लिंक तुटली" म्हणायचं. ती कथा हाताने लिहिलेली, संपादकांना हवी युनिकोडमध्ये, टाईप कोणी केली? मी. शनिवार-रविवार दोन्ही. आणि टाईप करता करता तीन ठिकाणी नायिकेचं नाव बदललेलं मी पकडलं, सुमन, सुनंदा, परत सुमन, ते दुरुस्त पण मीच केलं. अंक आल्यावर मित्रांचे फोन, वा वा, काय भाषा! मी आतून भजी तळतेय. तर मी म्हणते, ह्यांची ही एक कथा, बावीस पानं, आणि माझा एवढा जीव गेला.

टीप तिसरी. बाळंतपणं कादंबरीच्या प्रकरणांमध्ये बसवा. वॉर अँड पीसच्या काळात, १८६३, ६४, ६६ आणि ६९, चार झाली. अ‍ॅना कॅरेनिना चालू असताना तीन तान्ही मुलं गेली. पहिल्या बाळंतपणानंतर छातीत गाठी होऊन बाई कळवळत होती तर नवऱ्याचा राग कशावर, की आई असून दाई कशी ठेवतेस, स्वतः पाज. स्त्रीच्या मनाचा एवढा खोल अभ्यास असलेला दुसरा लेखक झाला नाही म्हणतात.

टीप चौथी. प्रवासात त्याची हस्तलिखितं नेताना बॅग सोडून पाणी आणायलासुद्धा जाऊ नका. अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या पहिल्या बायकोची, हॅडलीची, बॅग १९२२ मध्ये पॅरिसच्या स्टेशनवर चोरीला गेली, लोक अजून तिला माफ करत नाहीत.

टीप पाचवी. नवऱ्याला वैराग्य आलं की तुम्ही दुकानदार व्हा. ही नीट वाचा, कारण सगळं गाडं इथे अडतं. पन्नाशीच्या सुमारास टॉलस्टॉयला साक्षात्कार झाला की मालमत्ता म्हणजे पाप, पैसा म्हणजे पाप. उत्तम. मग त्याने मालमत्तेचं काय केलं? १८८३ मध्ये बायकोच्या नावाने मुखत्यारपत्र केलं. म्हणजे पाप तसंच राहिलं, फक्त खातं बदललं! आता शेतीचा खंड तिने वसूल करायचा, लाकूडतोड करणाऱ्याला तिने पकडायचं, मुलांच्या शाळा तिने बघायच्या, पुस्तकं छापायची तिने, प्रुफं वाचायची तिने. धंदा कसा करायचा ते विचारायला ती दोस्तोयेव्हस्कीच्या बायकोकडे गेली, कारण ती बाई आपल्या नवऱ्याची पुस्तकं स्वतः छापून विकत होती, म्हणजे बघा, रशियन साहित्याचा गल्ला कोण सांभाळत होतं. आणि साहेब? साहेब शेतकऱ्याचा सदरा घालून बूट शिवत होते. पाणी भरत होते, लाकडं फोडत होते. जेवायला मात्र घरीच. शाकाहारी, म्हणजे स्वयंपाक वेगळा. भेटायला जगभरातून शिष्य येणार, त्यांना पण वाढा, ते तुमच्याच टेबलावर बसून तुमच्याकडे असं बघणार की ही ऐषारामी बाई या महात्म्याच्या पायातली बेडी आहे. आणि १८९१ मध्ये पेपरात जाहीर करून टाकलं की १८८१ नंतरचं माझं लिखाण कोणीही फुकट छापावं. घरात तेव्हा नऊ मुलं! अहो, रॉयल्टी सोडणं फार मोठी गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय, पण दूधवाल्याला कोणी सांगायचं की आम्ही सोडलीय?

आणि एक गंमत. त्याच काळात त्याने क्रॉइत्झर सोनाटा ही गोष्ट लिहिली. संशयाने पेटलेला नवरा बायकोचा खून करतो, आणि तात्पर्य काय, तर शरीरसंबंध वाईट, ब्रह्मचर्य पाळा, लग्न झालेल्यांनीसुद्धा. हे कोण सांगतंय, तर ज्याच्या बायकोला १८८८ मध्ये तेरावं मूल झालंय. सगळ्या रशियाला वाटलं, हे टॉलस्टॉयच्या घरचंच. तिची काय अवस्था झाली असेल विचार करा, बाजारात जायची चोरी. पुस्तकावर सरकारने बंदी घातली. आता सांगा, कजाग बाईने काय केलं असतं? पेढे वाटले असते. ही बाई पीटर्सबर्गला गेली, झारची भेट मागितली, आणि त्याला पटवून ती गोष्ट समग्र साहित्यात छापायची परवानगी मिळवून आली. नवरा खूश झाला नाही. तिने स्वतः त्याला उत्तर म्हणून एक कादंबरी लिहिली, नावच 'चूक कोणाची?'. ती छापून यायला १९९४ उजाडलं. शंभर वर्षं कपाटात, कारण घरात एक लेखक होता ना, दुसरा कशाला.

टीप सहावी. दुःख झाल्यास डायरी लिहा, तो वाचेलच.

सातवी, तो घर सोडून निघालाच तर कळा दाबून ठेवा. १८८४च्या जूनमध्ये भांडण झालं आणि साहेब पाठीला पिशवी लावून निघाले, अर्ध्या वाटेत आठवलं की बायकोचे दिवस भरलेत, परत आले, पहाटे अलेक्झांड्रा जन्मली. त्या वेळी बेत फसला, २६ वर्षांनी जमला.

आठवी... जाऊ दे, राहिल्या टिपा. माझ्याच्याने आता हसवत नाहीये.

सोफिया गाय होती असं मी म्हणत नाही. संशयी होती, आकांडतांडव करायची, जीव देईन म्हणायची, त्याचे कागद चाळायची. शेवटच्या वर्षात तो फक्त स्वतःसाठीची म्हणून एक डायरी बुटात लपवून ठेवायचा, ती पण तिने शोधून काढली. पण का शोधत होती ते कोणी सांगणार का? जुलै १९१० मध्ये नवऱ्याने जंगलात जाऊन, झाडाच्या बुंध्यावर कागद ठेवून, तिच्यापासून चोरून मृत्युपत्रावर सही केली होती. सगळ्या लिखाणाचे हक्क, जे तिने रात्री जागून उतरवलं होतं तेसुद्धा, चेर्तकोव्ह नावाच्या शिष्याच्या कह्यात जातील असं. तिला नुसता वास आला होता. वेडी नव्हती ती, तिचा अंदाज बरोबर होता!

२८ ऑक्टोबर १९१०च्या रात्री, त्यांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे, तो डॉक्टरला घेऊन निघून गेला. मागे चिठ्ठी, की माझ्या वयाची माणसं करतात तेच मी करतोय, संसार सोडून एकांतात जातोय. आपल्याकडे वानप्रस्थ म्हणतात त्याला, पण आपल्याकडे बायकोला बरोबर न्यायची सोय तरी ठेवलीय. ती उठली, चिठ्ठी वाचली आणि धावत जाऊन तळ्यात उडी टाकली. लोकांनी बाहेर काढलं. अस्तापोव्हो नावाच्या आडगावच्या स्टेशनवर तो न्यूमोनियाने पडलाय हे तिला कळलं पत्रकाराच्या तारेतून. स्वतःच्या खर्चाने स्पेशल गाडी करून पोचली. स्टेशनमास्तरच्या घरात तो, आत चेर्तकोव्ह, आत डॉक्टर, आत मुलं, आणि ४८ वर्षं संसार केलेली बायको बाहेर सायडिंगला लावलेल्या डब्यात. येताना तिने त्याची सवयीची छोटी उशी आणली होती. डॉक्टर ती आत घेऊन गेला. टॉलस्टॉयने उशी ओळखली, विचारलं, कुठून आली? तर सांगितलं, मुलीने आणली.

उशी आत, बाई बाहेर. खिडकीला नाक लावून आत बघताना तिचं चित्रीकरण झालेलं आहे, खरं, पाथे या फ्रेंच फिल्म कंपनीच्या कॅमेऱ्याने, नेटवर मिळतं, दोन मिनिटं काढा आणि बघा. म्हातारी बाई, डोक्याला रुमाल, टाचा उंचावून काचेतून बघतेय. त्याची शुद्ध गेल्यावर आत सोडली तिला.

आणि याच्यावर तुम्ही म्हणता कजाग. तुकोबांना शोधत भर उन्हात भाकरी बांधून डोंगर चढणाऱ्या आवलीला पण कजागच म्हणालात, गेली साडेतीनशे वर्षं, शब्दसुद्धा बदलला नाहीत. सर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचली, पल्लेदार बोलता, मग शेवटच्या पाच मिनिटांत टाळ्यांसाठी त्या बाईला का विकलंत? आणि माझा प्रश्न साधा होता, त्याचं उत्तर येत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं, माझ्या नवऱ्याला मधे आणायची गरज नव्हती. हसणाऱ्या बायकांनो, तुम्ही पण. तुमच्यातल्या निम्म्या जणी साडेआठला कुकर लावायचा म्हणून आभारप्रदर्शनाच्या आधी उठलात, मी बघत होते. आणि काका, च्‌च्‌ करताना तुमची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी कोण बसलं होतं ते बघा जरा.

आणि अहो, फ्रीजवर नव्या कथेचे जे कागद वजन ठेवून ठेवलेत ना, ते तिथेच आहेत. टायपिंग शिका. युट्यूबवर आहे.