दहाव्याला पाप-पुण्य काढू नका

आज सकाळी एका दशक्रियेला गेलो होतो. पोरगा 34 वर्षांचा. कसा गेला ते सगळ्या गावाला माहीत. आणि महाराज माइकवर सांगतायत, "आत्महत्या महापाप, अशा जिवाला गती नाही." पुढ्यात त्याची आई बसली होती हो! त्या माउलीनं कुठं बघायचं?

मला आमचे बुवा आठवले. 2015 चा दुष्काळ, सोसायटीचं कर्ज, वर सावकाराचं. आप्पांनी जेवण टाकलं, बोलणं टाकलं. हरिपाठवाले बुवा रोज दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसायचे. उपदेश नाही, काही नाही. एकदा सरळ विचारलं, "आप्पा, जीव द्यायचं मनात येतंय का?" आईनं कपाळाला हात लावला, असं अभद्र कुणी विचारतं? आप्पा मात्र ढसाढसा रडले. आणि मग बोलले.

कमेंटमध्ये शास्त्र सांगायला कुणी येऊ नका. 2017 चा मानसिक आरोग्य कायदासुद्धा म्हणतो की असा प्रयत्न करणारा माणूस जबर ताणाखाली होता असं धरा, त्याला शिक्षा नको. सरकारला कळतं ते आपल्याला कळू नये?

चॅड वारा नावाचा एक इंग्रज पाद्री होता. 1935 साली त्यानं पहिलाच अंत्यविधी केला तो जीव दिलेल्या 14 वर्षांच्या मुलीचा. ते त्याच्या मनातून गेलं नाही. 1953 मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमधून त्यानं अशा लोकांसाठी फोन सुरू केला, तेच समॅरिटन्स. भेटायला आलेल्यांना स्वयंसेवक चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे. कितीतरी जणांना मग पाद्रीबाबांना भेटायची गरजच उरायची नाही. बुवांनी त्याचं नावही ऐकलं नसणार. पण आमच्या ओट्यावर तरी दुसरं काय चालायचं?

नुसत्या बुवांनी आप्पा बरे झाले नाहीत, मान्य. गोळ्या लागल्याच. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात एसटीनं नेलं कुणी? बुवांनी. "माळ घाला, सगळं ठीक होईल" म्हणाले असते, तर आप्पांनी तेही ऐकलं असतं. एवढा शब्द असतो या लोकांच्या तोंडी!

(एवढं लिहून उठलो आणि राहवेना, महाराजांना फोन लावला. पोरसवदा आहेत, सकाळी दहावा, रात्री कीर्तन, मध्ये प्रवास. अशा वेळी काय बोलावं हे त्यांना तरी कुणी शिकवलं? भांडायला लावला होता फोन, जमलं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. माइकवर निदान एवढा सांगत जा म्हटलं. लिहून घेतला.

मग जरा वेळानं म्हणाले, "काका, ती पुढं बसलेली त्याची आई होती का?")