मामा, मग नळदुर्गला बघायचं काय?

सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिन, जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड गाजरगवतासारखा उगवतो. दरवर्षी मी डिलीट करून मोकळा व्हायचो. परवा मात्र भाच्यानं तो मलाच पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग रविवारी आपण नळदुर्गला काय बघायला चाललोय?"

फॉरवर्ड म्हणतो: मराठवाडा पाच दिवसांत, एकही गोळी न झाडता फुकट आझाद झाला, ती नुसती पोलीस ॲक्शन होती, इथल्या माणसांनी काही केलं नाही, नळदुर्गला धबधब्याशिवाय काही नाही, आणि जे झालं ते हिंदू-मुसलमानांचं भांडण होतं.

गोळीचं आधी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली ती नळदुर्गावरूनच. बोरी नदीवरचा पूल उडवला असता तर सगळा ताफा अलीकडेच अडकला असता. सातव्या ब्रिगेडनं झडप घालून पूल शाबूत ताब्यात घेतला, मग निजामाच्या पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीवर हल्ला झाला. नऊ वाजता फौज जळकोटात, सव्वातीनला उमरग्यात. तिकडे तुळजापूरला दोनेकशे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना, आणि निजामाचे सैनिक दोन तास लढले, मगच शरण आले. रणगाडे घेऊन कुठले पोलीस येतात? 'पोलीस ॲक्शन' हे नाव सोयीचं होतं, कारण निजामानं तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली होती आणि दिल्लीला हा घरातलाच मामला दाखवायचा होता. आमच्याकडची म्हातारी माणसंही हेच नाव घेतात, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ 'रझाकारी संपली ते साल' एवढाच.

पाच दिवस मात्र खरे, ते कबूल. निजामाची फौज फार टिकली नाही हेही कबूल. पण १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने कुणी काढले? पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. त्याही आधी, १९४६ साली, अर्जापूरला याच लढ्यातले गोविंदराव पानसरे मारले गेले. ३० जानेवारी १९४८ला लढणाऱ्यांनी उमरीची बँक लुटली ती लढ्याला पैसा लागत होता म्हणून. आणि आमची आजी? जवारी पेवात पुरून, कडेवर लेकरू घेऊन निजामाच्या हद्दीपलीकडे बार्शीला गेली. परत आली तेव्हा पेव उकरलेलं होतं. तिचं नाव कुठल्या यादीत नाही. फुकट म्हणे!

धबधब्याबद्दल वाद नाही. किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघाच, पाणीमहालही बघा. फक्त उपळी बुरुजावर चढल्यावर तोंड सोलापूरच्या बाजूला करा. पुलाची एवढी घाई का होती ते तिथं न सांगता कळतं.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यामुळं डोकं फिरलं. धर्माचं भांडण होतं, तर शोएबुल्ला खान कोण होता? 'इमरोज'चा संपादक. हैदराबादनं भारतात यावं असं उर्दूत लिहायचा, म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये त्याला भर रस्त्यात मारलं आणि लिहिता हात तोडला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. त्यानं केलेल्या पापाची किंमत पोलीस ॲक्शननंतर ज्या मुसलमानांनी मोजली त्यांतल्या बहुतेकांनी हातात कधी बंदूक धरली नव्हती. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज आहे, २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात वाईट हाल झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, म्हणजे आताचं धाराशिव, आमचाच जिल्हा, आणि नांदेडही आहे. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला. आम्हीही घरात दाबूनच ठेवला; आजी बार्शीची गोष्ट सांगायची, पण परत आल्यावर शेजारची तीन घरं रिकामी का होती ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

भाच्याला एवढंच कळवलं: रविवारी सकाळी सहाला पुलावर भेट. तिथून जळकोट आठ किलोमीटर, आपण चालत जाणार आहोत. बूट घाल, पाणी जास्त घे, ट्रकच्या बाजूनं मी चालीन. त्या तीन घरांचंही वाटेत बोलू.