टिकटालिकवर फोडले जाणारे खापर

‘साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वी टिकटालिक नावाचा मासा पाण्यातून चालत जमिनीवर आला, तोच आपला पूर्वज, आणि त्याच्यामुळेच आज आपल्याला नोकरी करून घराचे हप्ते फेडावे लागतात’ अशा आशयाचे चित्र समाजमाध्यमांवर फिरत असते. हप्त्यांचा विनोद चांगलाच आहे. मात्र त्यातले वय सोडले, तर बाकीची विधाने जशीच्या तशी स्वीकारण्याजोगी नाहीत.

तो चालत जमिनीवर राहायला आला, हे पहिले विधान. नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेन्किन्स या जीवाश्मशास्त्रज्ञांच्या पथकाला २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मिळालेले, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले जीवाश्म पाहिले, तर त्याच्या पुढच्या परात (पोहण्याच्या पंखात) दंडाचे एक हाड, त्यापुढे कोपराखालची दोन आणि मग मनगटासारखी लहान हाडे दिसतात. परंतु टोकाला बोटे नाहीत, माशासारखे परकिरण, म्हणजे पराला ताठ ठेवणारे बारीक काटेच आहेत. अंगावर खवले होते, कल्लेही होते. डोके चपटे, डोळे माथ्यावर, आणि डोके खांद्याशी जखडणारी हाडे नसल्यामुळे मान वळवता येई. उथळ प्रवाहाच्या तळाशी परांवर अंग उचलून धरणाऱ्या शिकारी माशाला हे सारे उपयोगाचे होते. तो अधूनमधून चिखलावर आला असेलही, पण त्याचे घर पाण्यातच होते. हातापायांची जुळणी पाण्यात सुरू झाली, ही खरी लक्षवेधी गोष्ट त्या चित्रात नेमकी हरवते.

‘तोच आपला पूर्वज’ हे विधान त्याहून कच्चे आहे. पोलंडमधील झाखेल्म्ये येथील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे खरोखरच चतुष्पादांचे, म्हणजे चार पायांच्या प्राण्यांचे असतील (काही अभ्यासकांना ते मान्य नाही), तर असे प्राणी टिकटालिकच्या आधीच होते, आणि टिकटालिक आपल्या थेट वंशावळीत नसून चुलत घराण्यातला ठरतो. त्यावरून उत्क्रांतीच खोटी, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी मात्र जरा थांबावे : चुलत नातेवाइकाच्या सांगाड्यावरूनही घराण्याची ठेवण कळतेच.

आणि एका माशाने जमिनीची वाट धरली, मग सारे मागोमाग निघाले, असेही घडले नाही. टिकटालिकच्या काही दिवस आधी त्याच बेटावर सापडलेला, परंतु २०२२ मध्ये वर्णिला गेलेला किकिक्तानिया हा त्याचा जवळचा नातेवाईक; त्याच्या दंडाच्या हाडावर स्नायूंसाठीचे ठळक कंगोरे नाहीत, आणि त्याचा पर अंग पेलण्यापेक्षा मोकळ्या पाण्यात पोहण्यालाच अधिक जुळणारा आहे.