‘खंडणी’ या शब्दाविषयी : ‘एक सोलापूरकर’ यांना उत्तर

स. न. वि. वि.

‘एक सोलापूरकर’ या नावाने आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहायला बसलो आहे. शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाला मिळालेल्या परवानगीला मी उच्च न्यायालयात आव्हान का दिले, हे मी गेल्या लेखात मांडले होते. त्यावर आपले चार आक्षेप आहेत. मी सात महिने गप्प बसलो, माझ्यामुळे चौदा कुटुंबे भाड्याच्या घरांत अडकली आणि मजल्यांची संख्या मी फुगवून सांगितली, हे पहिले तीन. चौथा आपल्याच शब्दांत देतो : ‘दुसऱ्याच्या जागेच्या परवानगीत शेजाऱ्याने नाक खुपसायचे आणि स्टे आणून बिल्डरला टेबलावर बसवायचे, याला साध्या मराठीत खंडणी म्हणतात.’

मजल्यांबाबत आपण बरोबर आहात. खाली वाहनतळ आणि वर सहा मजले असा मंजूर नकाशा आहे. वाहनतळ धरून मी सात लिहिले. लेखात दुरुस्ती केली आहे.

खंडणी हा मात्र नाक्यावर सहज फेकण्याचा शब्द नाही. तो फौजदारी गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या 308 व्या कलमात त्याची व्याख्या आहे आणि भीती घालून दुसऱ्याकडून मालमत्ता किंवा किमती दस्तऐवज काढून घेणे हा त्या व्याख्येचा गाभा आहे. मी कोणाला कसली भीती घातली आणि कोणाकडून काय घेतले, हे आपण एका ओळीत तरी लिहायला हवे होते. ते न लिहिता, स्वतःचे नावही न सांगता, बासष्ट वर्षांच्या माणसाला गुन्हेगार ठरवून आपण मोकळे झालात.

आमचे घर बाळीवेशीच्या अलीकडे, जुन्या गल्लीत आहे. जुन्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या माझ्या वडिलांनी ते 1968 साली घेतले, तेव्हा त्यावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, होते आणि स्वयंपाकघरात उजेड यायचा तो साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, आणि बोळाकडच्या एका खिडकीतून. पुढे मी स्लॅब टाकला आणि साणे गेले, पण ती खिडकी जिथल्या तिथे आहे. रस्ता रुंद करताना दर्शनी बाजूची पावणेतीन फुटांची पट्टी मागितली गेली, तेव्हा मी एका अर्जाचीही खळखळ न करता ती सोडली. जुना ओटा पाडला तेव्हा आई दिवसभर जेवली नव्हती. भूमी अभिलेख खात्यात मी तेहतीस वर्षे भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा, म्हणून काढली. तेहतीस फुटांची साखळी आणि प्लेन टेबल यांपासून ईटीएस आणि रोव्हर या इलेक्ट्रॉनिक यंत्रांपर्यंतची सगळी मोजणी याच हातांनी केली आहे आणि भावाभावांच्या भांडणात मध्ये उभे राहून, दोन्हीकडच्या शिव्या खाऊन, हद्दीचे दगड रोवले आहेत. त्या काळात कोणाच्या घरचा चहाही मी मोजणी संपण्याआधी घेतला नाही. अशा माणसाने निवृत्तीनंतर खंडणीचा धंदा सुरू केला, असे तुम्हाला खरोखर वाटते काय?

आणि पैशांचा विषय तुम्हीच काढला आहे म्हणून सांगतो. खोदकाम सुरू झाल्यावर मध्यस्थ दोन वेळा माझ्या घरी येऊन बसले. ‘आकडा सांगा’ हे त्यांचे शब्द होते. ‘दोन्ही मिळकतींची संयुक्त मोजणी करा, तिच्यात जे निघेल ते मला मान्य आहे,’ एवढेच मी दोन्ही वेळा म्हणालो. आकडा मी आजतागायत सांगितलेला नाही.

आता ‘दुसऱ्याची जागा’ म्हणजे नेमकी कोणती, ते पाहा. शेजारच्या त्या इमारतीच्या आणि माझ्या मिळकतीमध्ये चार फुटांचा बोळ आहे. सिटी सर्व्हेच्या चौकशी नोंदवहीत तो ‘सामाईक’ म्हणून नोंदलेला आहे आणि माझ्या मिळकत पत्रिकेवरही तशीच नोंद आहे. मंजुरीसाठी दिलेल्या नकाशात मात्र भूखंडाची हद्द थेट माझ्या भिंतीला टेकवली आहे. सामासिक अंतर, ज्याला आपण साईड मार्जिन म्हणतो, हद्दीपासून मोजतात. हद्द चार फूट माझ्याकडे सरकली की मार्जिन कागदावर पुरेसे भरते आणि जमिनीवर इमारत चार फूट जवळ येते. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत उंचीबरोबर हे अंतरही वाढत जाते, ते उगाच नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा या बोळातून येणारी झुळूक हाच माझ्या स्वयंपाकघराचा पंखा असतो. बोळाच्या तोंडाशी, डोक्यावर छिन्नीने फुली मारलेला हद्दीचा एक दगड होता. जेसीबीने तो उपटला. सध्या तो पत्र्याच्या कुंपणाला टेकून पडला आहे आणि फुलीत सिमेंट बसले आहे.

शेजाऱ्याचा परवानगीशी संबंध काय, हा प्रश्न न्यायालयांनी फार पूर्वी निकालात काढला आहे. उडुपीत निवासी भागात चित्रपटगृहाला परवानगी दिली गेली होती, तेव्हा तिथल्या एका रहिवाशाने तिला आव्हान दिले आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तो अधिकार मान्य केला. नोएडाच्या जुळ्या मनोऱ्यांविरुद्ध लढले तेही त्याच संकुलातले आधीचे रहिवासी होते, इमारतींमधले किमान अंतर हा तिथला एक कळीचा मुद्दा होता, 31 ऑगस्ट 2021 रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये मनोरे पाडले गेले. ही सगळी माणसे खंडणीखोर होती काय?

‘अपील करायचे, कोर्ट कशाला?’ असेही आपण ओघात विचारले आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील 47 वे कलम वाचावे. परवानगी नाकारली किंवा अटींवर दिली, तर अपील करता येते ते अर्जदाराला. शेजाऱ्यासाठी त्या कलमात दार नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या 258 व्या कलमात मात्र, अर्जदाराने महत्त्वाच्या बाबतीत चुकीची माहिती देऊन परवानगी मिळवली असेल, तर ती रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांना दिला आहे. मी आधी त्याच कलमाचा आधार घेऊन अर्ज केला. त्यावर निर्णय होण्याआधी खोदकाम माझ्या भिंतीच्या पायापर्यंत आले, म्हणून घटनेच्या 226 व्या अनुच्छेदाखाली रिट याचिका दाखल केली. मागणी दोनच गोष्टींची आहे : संयुक्त मोजणी करून माझ्या अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा आणि तोपर्यंत बोळाच्या बाजूचे काम थांबवावे. संपूर्ण इमारतीला स्थगिती मी मागितलेलीच नाही. याचिका न वाचता तुम्ही ‘स्टे’ लिहून टाकले. वीस वर्षांहून अधिक काळ शांतपणे उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याच्या हक्कासाठी 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाखाली दिवाणी दावाही करता येतो. तो मार्ग मी अजून राखून ठेवला आहे.

सात महिन्यांचा हिशेब याचिकेसोबत तारीखवार जोडला आहे. परवानगी मिळाल्याचे शेजाऱ्याला कोणी कळवत नाही, नकाशाची प्रत माहिती अधिकारातून मिळवावी लागली. विलंब झाला की नाही ते न्यायालय ठरवेल. चौदा कुटुंबांविषयी म्हणाल, तर त्यांतल्या निम्म्या मुलांच्या बारशाला मी हजर होतो. त्यांचे भाडे कोणी द्यायचे ते त्यांच्या करारात लिहिले आहे. त्यावर मला आणखी काही म्हणायचे नाही.

‘मुंबईच्या फेऱ्या परवडतात, म्हणजे पैसा बोलतोय’ हे आपले वाक्यही जुन्या माहितीवरचे आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात आणि मी तिथे एसटीने जातो, जेवणाचा डबा घरून नेतो.

संयुक्त मोजणीचा आदेश झाला, तर तारीख मी इथेच जाहीर करीन. आपण अवश्य यावे, नाव सांगून यावे. नोंदवहीचा उतारा, मिळकत पत्रिका आणि तो दगड, तिन्ही दाखवीन. मोजणीत बोळ त्यांचा निघाला, तर याचिका मी त्याच आठवड्यात मागे घेईन. ‘खंडणी’ हा शब्द मात्र मोजणीपर्यंत थांबण्यासारखा नाही. तो आपण जिथे लिहिलात, तिथेच मागे घ्यावा.