वाजते का? होय / नाही

कोल्हापुरात पापाच्या तिकटीला आमचं चपलांचं दुकान. आबांच्या काळापासून हिशेब लाल चोपडीत. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि माझ्या डोक्यानं घेतलं, आता कॉम्प्युटर पाहिजे. दोन्हींचा संबंध काय, असं आबांनी विचारलं. ते मला अजून सांगता आलेलं नाही.

आधी तयार सॉफ्टवेअरवाला आला. त्याच्या स्क्रीनवर हीलची उंची होती, सोलचा रंग होता, 'सीझन' होता. कापशी, पायताण, बक्कलनाळी हे आमच्या चपलांचे प्रकार कुठं टाकायचे? कारागिरांनी घेतलेली उचल कुठं मांडायची? "सर, तुमची पद्धत थोडी बदलायला लागेल." वर दर कॉम्प्युटरमागं दर वर्षाला पैसे. आबा म्हणाले, "म्हंजे वही भाड्यानं, आन् आत लिवायचं ते बी त्यांच्या मनासारखं?"

तेवढ्यात भाचा इंजिनिअर झाला. "मामा, विकत कशाला घेताय? पंधरा दिवसांत करून देतो." घर पाहावं बांधून म्हणतात, त्यात सॉफ्टवेअर घालायचं राहून गेलंय. पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. निम्मी चूक माझी. तो रोज संध्याकाळी भडंग खात बसायचा आणि मी रोज नवं काहीतरी सुचवायचो. गिऱ्हाईक करकर वाजणारी चप्पल मागतं, म्हणून 'वाजते का? होय / नाही' असा रकाना घातला. जोडीदार हरवलेल्या चपलांसाठी 'डावी शिल्लक' घातला. येईल त्याला मी ते दाखवायचो.

फक्त टॅक्सच्या जागी त्यानं सगळीकडं 5 हा आकडाच ठोकून ठेवला होता. "हजाराच्या आतल्या चपलेला पाचच असतोय, मामा." 1 जानेवारी 2022 ला त्याचे 12 झाले. भाचा तोवर पुण्याला नोकरीत. फोन केला की, "शनिवारी बघतो." तो शनिवार काही उगवला नाही. दुसरा एक पोरगा आणला. त्यानं पाच मिनिटं कोड बघितला, चहा घेतला, "हे कुणी लिवलंय?" एवढं विचारलं आणि गेला.

मग बिलं परत बिलबुकात, हातानं. कॉम्प्युटर उरला तो कुठली चप्पल वाजते ते बघायला. दर पाडव्याला आबा चोपडीबरोबर कीबोर्डलाही हळदकुंकू वाहायचे. (एंटरचं बटण त्यापायीच अडकतं.)

शेवटी 2025 च्या नवरात्रात मी हात टेकले. तयार सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं, चेकबुक काढलं. 22 सप्टेंबर, घटस्थापना. महाद्वार रोडला मुंगी शिरायला जागा नाही. आणि नेमका त्याच दिवसापासून अडीच हजारापर्यंतच्या चपलांचा टॅक्स 5 टक्क्यांवर आला. कामावरच्या पोरानं गर्दीच्या नादात नऊशेच्या कापशीचं बिल भाच्याच्या प्रोग्रॅममधनं काढलं. पैशाला पैसा बरोबर.

चेकबुक मिटवून मी भाच्याला फोन लावला.

"बघा," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, बघतो म्हणून?"