कोयता एक, माणसं दोन

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. दिवाळीच्या आसपास बीडमधून टोळ्या निघतात, त्याआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती या कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात. ऊस दोघं तोडतात, मोळ्या दोघं वाहतात, उचल फिटेपर्यंत अडकतातही दोघं. हिशेबात बाईचं नाव मात्र नसतं. एकटी असली तर ती 'अर्धा कोयता'.

ही बाई नेमकी कुणाच्या चळवळीतली? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले. संघटना लढल्या म्हणून वाढले, मला मनापासून आनंद झाला. पण वाढलेले पैसेही कोयत्याच्याच हिशेबात जमा होतात.

२०१९ मध्ये गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या. बीडमधल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आम्ही स्त्री चळवळीतल्या बायका डॉक्टरांवर तुटून पडलो, ते योग्यच होतं. पण दवाखान्याच्या आधीचं काय? पहाटे चारला उसाच्या फडात, आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही, दुखतंय म्हणून बसलं तर खाड्याचा दंड. आणि गावात जमीन असती तर ती फडात आली असती का? जमीन कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हे जातच सांगते. ते आम्ही आमच्या निवेदनात लिहिलंच नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

१८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय' या नियतकालिकात लिहिलं होतं, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं. जात, गरिबी आणि बाईपण तिने वेगळं केलं नाही, कारण ते तिच्या घरात वेगळं नव्हतंच. आजही ऊसतोडीला आलेली पोटुशी बाई कोपीतच, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीतच, राहते.

गेल्या हंगामाआधी एका बैठकीला गेले होते. दर, विमा, मुलांची वसतिगृहं अशी यादी झाली. मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "उचलीच्या कागदावर माझं बी नाव लिवा." कुणीतरी म्हणालं, ताई, ते नंतर बघू. ती खाली बसली. मीही गप्प राहिले.

यंदा ती मागणी यादीत पहिली लिहायला लावणार आहे. दलित संघटनांतले, कामगार संघटनांतले, महिला मंडळांतले मित्रमैत्रिणी हे वाचत असतील, तर टोळ्या निघायच्या आत भेटू या.