२५, ३९ आणि ४७ : ट्रोब्रिजच्या विणकराचं वय

नमस्कार. प्रतिक्रिया कडक आहे, पण तपशिलासकट आहे, म्हणून उत्तरही तपशिलात देते.

बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रज कुटुंब आधी जनगणनेत पकडायचं आणि तिथून मागे चर्चच्या बाप्तिस्म्यापर्यंत जायचं, असं माझ्या मूळ लेखात होतं. तुम्ही तेच केलंत. तुमच्या पतीच्या घराण्यातला विल्टशर परगण्यातल्या ट्रोब्रिजचा विणकर १८४१ला २५ वर्षांचा, १८५१ला ३९चा आणि १८६१ला ४७चा निघाला. जन्मगाव एकदा हिल्परटन, एकदा ट्रोब्रिज. त्याच नावाचे बाप्तिस्मे दोन, फेब्रुवारी १८१२ आणि १८१४चा. १८४१ला ३ वर्षांची असलेली थोरली मुलगी सरकारी जन्मसूचीत नाहीच. वर १८६१च्या पानावर ९ वर्षांचा जावई! तेव्हा इंग्रजांची दप्तरं चोख हा भ्रम आहे आणि त्यापेक्षा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या, बऱ्या.

एक चूक आधी पदरात घेते. जुलै १८३७नंतरचा प्रत्येक जन्म सूचीत सापडतो, असं लेखात लिहिलं गेलं. ते चूक आहे. १ जुलै १८३७ला सरकारी नोंदणी सुरू झाली, पण जन्म शोधून काढून नोंदवण्याची मुख्य जबाबदारी नोंदणी कारकुनावर होती. आईबापांनी स्वतःहून कळवलं नाही तर त्यांना दंड नव्हता, तो १८७५पासून आला. चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला की नोंद झाली, अशीच पुष्कळांची समजूत होती. तुमची मुलगी पहिल्याच वर्षातली आहे, सुटली असेल तर नवल नाही. तिच्या नावावर आणखी पैसे घालवू नका. तिच्या धाकट्या भावंडांचे जन्म बघा. जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीच्या, नव्या ऑनलाइन सूचीत १८३७पासून आईचं माहेरचं आडनाव दिलंय आणि शोधायला पैसे पडत नाहीत. जुन्या छापील सूचीत ते १९११पासूनच मिळतं. ट्रोब्रिजचे जन्म 'मेल्कशॅम' या नोंदणी जिल्ह्याखाली येतात, ट्रोब्रिज म्हणून शोधाल तर काही हाती लागणार नाही. सूची तिमाहीवार असते, पण ती तिमाही जन्माची नसून नोंदणीची असते आणि नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून डिसेंबरचं बाळ मार्चच्या तिमाहीतही बघायचं.

आता वयं. इथे मात्र दप्तर चुकलेलं नाही, आपण ते चुकीचं वाचतोय. १८४१ला गणकांना सूचनाच होती की १५च्या वरचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचं. काहींनी ती पाळली नाही, पण बहुतेकांनी पाळली. म्हणजे २५ याचा अर्थ २५ ते २९. गणनेची रात्र ६ जूनची, त्यामुळे जन्म जून १८११ ते जून १८१६. १८५१ची गणना ३० मार्चची. तिथल्या ३९वरून जन्म मार्च १८११ ते मार्च १८१२. १८६१ची ७ एप्रिलची आणि तिथल्या ४७वरून एप्रिल १८१३ ते एप्रिल १८१४. पहिल्या दोन्हींचा मेळ बसतो, तिसरी दोन वर्षांनी सरकते. दहा वर्षांत माणूस आठच वर्षांनी वाढणं हे त्या काळच्या इंग्लंडात अगदी रोजचं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लावून टाकली, त्यातलाच प्रकार. वय सांगणारा अंदाजाने सांगायचा, बऱ्याचदा घरातलं भलतंच कोणी सांगायचं. घरोघरी वाटलेला कागद गोळा करून गणक तो आपल्या वहीत उतरवायचा. आज आपण बघतो ती ही वही. मूळ कागद १९०१पर्यंतच्या गणनांचे नष्ट केलेले आहेत. शिवाय बेरजा तपासणाऱ्या कारकुनांनी वयाच्या आकड्यांवरूनच तिरक्या रेघा मारल्यात आणि अशा रेघेखाली १चा ७ सहज वाटतो. टंकलेल्या नकलेवर विसंबू नका, पानाची प्रतिमाच उघडा.

जन्मगावाचंही तसंच. १८४१ला 'याच परगण्यात जन्म, हो की नाही' आणि 'स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात जन्म' एवढंच विचारलं होतं. गाव १८५१पासून विचारलं गेलं. हिल्परटन हे ट्रोब्रिजला लागून आहे. हडपसरला जन्मलेला माणूस मुंबईत 'पुण्याचा' म्हणून सांगतो, त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. नियम म्हणून नव्हे, पण सवय म्हणून लहान गावाचं नाव खरं धरून शोध आधी तिथून सुरू करावा. मोठं गाव सोयीसाठी सांगितलं जातं, लहान गाव सोयीसाठी कोण सांगेल?

आता दोन बाप्तिस्मे. तुम्ही १८१४चा उचललात, कारण त्यात बापाचा धंदा 'विणकर' लिहिलाय आणि १८१२च्या नोंदीत धंदाच नाही. पण हा फरक माणसांचा नाही, छापील फॉर्मचा आहे. १ जानेवारी १८१३पासून बाप्तिस्म्यासाठी छापील वही सक्तीची झाली. पानावर आठ नोंदी, प्रत्येकीत तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि पाद्र्याची सही. त्याआधी पाद्री मनाला येईल तेवढं लिहायचा. ट्रोब्रिज हे लोकरी कापडाचं गाव, तिथे विणकर बाप सापडणं म्हणजे इचलकरंजीत सापडण्यासारखंच! त्यावरून काही ठरत नाही.

वयावरूनही ठरणार नाही. १८१२चा बाप्तिस्मा १८४१ आणि १८५१शी जुळतो, १८१४चा १८४१ आणि १८६१शी. त्यात आणखी एक खोच आहे. बाप्तिस्म्याच्या तारखेनंतर जन्म असू शकत नाही, पण आधी कितीही असू शकतो. १८१४ला पाद्र्यापुढे आणलेलं मूल दोन वर्षांचंही असेल. कधीकधी पाद्री समासात जन्मतारीख टिपतो, म्हणून नोंद वाचताना समास सोडू नका.

मग करायचं काय? दोघांपैकी एकाला बाद करायचं. कुठला जुळतो हे बघत बसलं तर दोघेही जुळतात. १८१२ ते १८४१ या काळातल्या दफनाच्या नोंदी ट्रोब्रिज, हिल्परटन आणि शेजारच्या पॅरिशांतून, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतून, काढा. १८१३नंतरच्या दफनवहीत मृताचं वय आणि राहण्याचं ठिकाण असतं, लेकरू गेलं असेल तर लगेच दिसेल. दफन मिळालं नाही म्हणून तो जगला असं मात्र समजू नका. ट्रोब्रिजच्या परिसरात बॅप्टिस्ट या सरकारी चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथाचं चांगलं बस्तान होतं, त्यांची दफनभूमी वेगळी असू शकते. हे बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत, म्हणजे तुमच्या विणकराचा बाप्तिस्मा कुठेच नसेल आणि हाती आलेले दोन्ही परक्यांचे असतील, हीही शक्यता उघडी ठेवायला हवी. अशा पंथांच्या जमा झालेल्या नोंदवह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'आर जी ४' या मालिकेत आहेत. दोघेही जगले असतील तर १८५१ला त्या नावाचा, साधारण ३४ ते ४२ वयाचा, त्या परिसरात जन्मलेला दुसरा माणूस शोधायचा आणि त्याचा बाप कोण ते ठरवायचं.

आता त्या ९ वर्षांच्या 'जावया'कडे वळू, कारण तुम्ही ज्याला हसलात तोच तुमचं काम करणार आहे. त्या काळच्या इंग्रजीत 'सन-इन-लॉ' सावत्र मुलालाही म्हणत. घरात ९ वर्षांचा सावत्र मुलगा आहे, म्हणजे १८६१ची घरधनीण आणि १८५१ची घरधनीण एक नाहीत. दोन्हीकडे नाव ॲन आहे म्हणून तुम्ही तिला एकच बाई धरलंत, पण ॲन तर घरोघरी होत्या. दोन्ही पानांवरचं तिचं वय आणि जन्मगाव शेजारी ठेवून बघा. विणकराने १८५१ ते १८६१च्या दरम्यान दुसरं लग्न केलं असलं पाहिजे, बहुधा एखाद्या विधवेशी.

पहिलं लग्न जुलै १८३७च्या आधीचं असेल तर त्या नोंदीत बापांची नावं नसतात. दुसरं नक्की नंतरचं आहे, म्हणजे वर आणि वधू दोघांच्याही बापांचं नाव आणि धंदा त्यात असायला हवा. शोधायचं असं: त्या मुलाचं आडनाव सावत्र बापाहून वेगळं लिहिलं असेल तर विधवा आईही सूचीत बहुधा त्याच आडनावाने आली असेल. १९१२च्या आधीच्या लग्नसूचीत जोडीदाराचं आडनाव नसतं, पण खंड आणि पान दोघांचं एकच असतं. 'फ्री बीएमडी' या मोफत सूचीच्या संकेतस्थळावर मेल्कशॅम जिल्हा टाकून विणकराचं नाव शोधा, पानाच्या आकड्यावर टिचकी मारा, त्या पानावरची सगळी नावं येतील. त्यात ते आडनाव आणि ॲन एकत्र दिसले की झालं. चर्चमध्ये लग्न झालं असेल तर सरकारी दाखला विकत घेऊ नका. चर्चच्या वहीतला फॉर्म तोच असतो, मूळ सह्यांसकट. या वह्या चिपनहॅमच्या विल्टशर ॲन्ड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये आहेत. बापाच्या नावापुढे 'मयत' लिहिलेलं नाही म्हणून तो हयात होता असं मात्र धरू नका, ते लिहायला सर्रास विसरत.

नामावळ्यांबद्दल एकच. तिथे तीर्थाला आलेला यजमान स्वतः बसून बाप, आजा, भाऊ, मुलं सांगतो आणि सही करतो, म्हणून वंश आयता मिळतो. पॅरिशच्या वहीत पाद्री त्या दिवशी चर्चमध्ये काय झालं तेवढंच लिहितो. या बापाचा तो मुलगा पुढे विणकर झाला, हे जोडण्याचं काम कोणी कधी केलेलंच नाही.

दुसऱ्या लग्नाच्या पानावर वराच्या बापाचं नाव १८१२च्या बापाचं निघतं, १८१४च्या की तिसऱ्याच कोणाचं, ते इथेच लिहा. दोन्ही बाप्तिस्म्यांतल्या बापांचं नाव एकच असेल तर मात्र आधी दफनवही.